मुरगावास न उतरता

आमच्या सिरसाळ्यास समुद्र कोणत्याच बाजूने जवळ नाही. परळी वैजनाथाहून बीडकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव. येथील मुलांनी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे माजलगावचे धरण, आणि दुष्काळाच्या साली तेही तळ दाखविते. अशा गावात मी जन्मभर मास्तरकी केली. संस्कृत वडिलांपाशी घरी शिकलो होतो, भूगोल मात्र नेमणुकीने वाट्यास आला. भिंतीवरील नकाशावर छडीचे टोक टेकून ‘मुरगाव, नैसर्गिक बंदर’ हे शब्द मी किती मुलांकडून घोकून घेतले असतील, त्याची गणती नाही. ते बंदर स्वतः पाहण्याचा योग मला सदुसष्टाव्या वर्षी आला, आणि तोही असा की मुरगावच्या धक्क्यास दिवसभर लागून राहूनही मी त्या भूमीवर पाऊल ठेवले नाही!

चिरंजीव पुण्यास नोकरीस आहेत. त्यांनी गेल्या मार्गशीर्षात आम्हां उभयतांस मुंबई ते गोवा असा जलप्रवास घडविला. बोट ‘एम्प्रेस’ नावाची, १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली, सुमारे २१० मीटर लांब; २०२१ पासून ती मुंबईहून अशा सफरी करू लागली. समुद्रगमन बौधायनाने पातकांत गणले आहे, हे मी घरात सहज बोलून गेलो. त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, किनारा धरून जायचं, त्याला का समुद्र ओलांडणं म्हणतात?” धर्मशास्त्रातील इतकी सोयीची पळवाट एखाद्या निबंधकारासही सुचली नसती.

पूर्वी कोकणपट्टीच्या आगबोटी धावत, तेव्हा बंदर आले की लोक पडावात उतरण्याची घाई करीत. आपले बंदर आले असता बोटीतच बसून राहणारा मनुष्य एक तर झोपलेला असावयाचा किंवा वेडा. आताच्या सफरीत उतरणे ऐच्छिक असते. सकाळी बोट धक्क्यास लागते, उतारू गावात हिंडून येतात आणि सायंकाळी ठरल्या वेळेच्या आत परततात. प्रत्येकाजवळ एक कार्ड असते. बाहेर जाताना व आत येताना ते यंत्रास दाखवावे लागते, म्हणजे कोण आत व कोण बाहेर याचा हिशेब चोख राहतो. जो वेळेत परतत नाही त्याच्यासाठी बोट सहसा थांबत नाही. हा नियम मी सकाळी कौतुकाने वाचला. सायंकाळी त्याच नियमाने माझ्या तोंडचे पाणी पळविले.

आमचा नातू सहा वर्षांचा. रात्री बोट किंचित हलली तेवढ्यानेच त्यास ओकाऱ्या झाल्या आणि सकाळी तो कोमेजून पडला. गोव्यात मंगेशीस जावयाचे, हा माझा कित्येक वर्षांचा संकल्प होता. १५६० साली मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, झुआरी नदी ओलांडून प्रियोळास नेले. ती नदी व ते देऊळ एकाच दिवशी पाहावे, असे मी योजिले होते. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, तुम्ही सगळे जा, मी थांबते याच्याजवळ.” त्या हे हसून म्हणाल्या, परंतु नोकरी, घर व मूल सांभाळणाऱ्या त्या मुलीच्या तोंडावरची निराशा मला दिसली. “मीच थांबतो,” असे मी बोलून गेलो. हा मोठा त्याग केला असे कोणी समजू नये. बोलून गेल्यावर पुढची घटकाभर मला त्याचा पश्चात्ताप होत होता.

नातवालाही मी नको होतो. वर्षातून दोनदा भेटणारा, धोतर नेसणारा आबा! आईची पाठ वळताच त्याने गळा काढला. इंग्रजी शाळेतील त्या मुलाशी काय बोलावे, हे तीस वर्षे वर्ग सांभाळलेल्या मला सुचेना. शेवटी हात धरून त्यास वरच्या मजल्यावर नेले.

बोट रिकामी झाली होती. आदल्या रात्री जेथे खुर्ची मिळत नव्हती तेथे ओळीच्या ओळी मोकळ्या. जेवणघरात गर्दी नाही. वाढणाऱ्या पोराने स्वतः होऊन मुलासाठी मऊ भात व दही आणून दिले. ज्यांस लहान मुलांसह अशी सफर करावयाची असेल त्यांनी बंदराचा एखादा दिवस बोटीतच काढण्यास भिऊ नये. मात्र कठड्यापाशी मुलाचा हात क्षणभरही सोडू नये.

कठड्यावरून त्याने पहिली गोष्ट पाहिली ती अशी. बोट ज्या जाड दोरखंडांनी धक्क्यास बांधली होती, त्या प्रत्येकावर एक वाटोळी चकती अडकविलेली होती. “आबा, ही ताटं कशाला?” मलाही ठाऊक नव्हते. मास्तराने अज्ञान कबूल करू नये, हा आमच्या पिढीचा दंडक मोडून मी एका खलाशास विचारले. दोरावरून उंदीर बोटीत चढू नयेत म्हणून ती योजना! नातू खदखदून हसला आणि पुढील अर्धा तास एखादा उंदीर ताटाशी येऊन परत फिरतो काय, हे आम्ही दोघे टक लावून पाहत बसलो.

पुढे त्यानेच मला शिकविले. सकाळी उतरण्याचा जिना चांगला उभा होता, दुपारी तो म्हणाला, “आबा, जिना झोपला.” पाहतो तो खरेच. ओहोटीने बोट धक्क्याच्या मानाने खाली आली होती. चंद्राच्या आकर्षणाने भरती-ओहोटी होते, हे मी फळ्यावर दरसाल काढीत आलो. परंतु ती जिन्यावरून मोजता येते, हे आज कळले.

मग त्यास या बंदराची गोष्ट सांगितली. १९४३ साली गोवे पोर्तुगीजांचे, म्हणून युद्धात तटस्थ. जर्मनांची ‘एरेनफेल्स’ व आणखी दोन जहाजे आणि इटलीचे एक, अशी चार जहाजे येथे आश्रयास होती. त्यांतून पाणबुड्यांस बिनतारी संदेश जातात, असा इंग्रजांचा समज होता. तेव्हा कलकत्त्याचे काही प्रौढ इंग्रज व्यापारी, पोटे सुटलेले हौशी घोडेस्वार, ‘फीबी’ नावाच्या जुनाट पडावातून मार्चातील एका रात्री येथे आले. खलाशांस गावात मेजवानीचे आमिष दाखविलेले होते. जहाजे बहुतेक ओस. हल्ला होताच जर्मनांनी आपली जहाजे आपणच बुडविली. ही हकीकत पस्तीस वर्षे गुप्त राहिली.

“मग बोटीवर कोण होतं?”

“जे मागे राहिले ते.”

“आपल्यासारखे?” असे म्हणून तो मला अधिकच चिकटून बसला. गोष्टीची निवड चुकली, हे माझ्या ध्यानात आले. पण उशीर झाला होता.

पाच वाजता परतण्याची मुदत होती. साडेचार झाले, पावणेपाच झाले. आमच्या मंडळींचा पत्ता नाही. फोन लागेना. धक्क्यावरील गर्दी विरळ होत गेली. नातू रडला नाही. एकेका येणाऱ्याकडे बोट दाखवून “ही आई नाही, ही आई नाही” असे हळू आवाजात म्हणत राहिला. ते ऐकवेना. आता बोट सुटलीच तर या मुलास घेऊन मुंबईस उतरावयाचे, रात्री त्यास काय सांगावयाचे, कोणत्या कुशीवर तो निजतो हेही मला ठाऊक नाही, असे विचार मनात येऊ लागले. त्याची मूठ माझ्या धोतराच्या सोग्यात घट्ट होती. मी त्यास म्हटले, “आपण जिना पाहू. किती उभा झाला सांग.” तो पाहू लागला आणि मीही.

मुदतीस सहा मिनिटे असताना भाड्याची मोटार आली. रस्त्यात वाहनांची कोंडी झाली होती, एवढेच. सूनबाई जवळजवळ धावत जिन्याशी आल्या, आणि वरून हा ओरडला, “आई, भरती आलीय! जिना उभा झालाय, हळू चढ!”

मंगेशीचा प्रसाद सौभाग्यवतींनी पदरात बांधून आणला होता. तो माझ्या हातावर ठेवीत त्यांनी देवळाचे वर्णन आरंभिले. मी ऐकत होतो, पण डोळे दुसरीकडे होते. दोरखंड सैल होऊ लागले होते. नातू बापाचे बोट धरून त्यास ओढीत कठड्याकडे नेत होता आणि उंदरांची ताटे आता कशी काढतात, ते मोठ्या अधिकाराने मराठीत समजावून सांगत होता. मला त्याने बोलाविले नाही. मी खुर्चीत बसून प्रसाद खाल्ला. बोट झुआरीच्या मुखातून बाहेर पडेपर्यंत कुठ्ठाळीच्या दिशेस पाहत राहिलो.