तोंडातलं दगडफूल

शाळेत खिचडी शिजली की मुलांच्या ताटात पडण्याआधी शिक्षकाने ती खाऊन बघायची आणि चव नोंदवहीत सही करायची, असा नियम आहे. सोनपेठ तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत ही सही बरीच वर्षं माझीच. 2022 च्या श्रावणात एका दुपारी चमचाभर खिचडी तोंडात घातली आणि डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, आज तिखट लई झालंय, लेकरं खायची नाहीत," मी म्हटलं. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी स्वतः चाखली, मग शेजारी उभ्या असलेल्या पहिलीतल्या एका पोरीच्या हातावर घासभर ठेवली. पोरगी म्हणाली, "बाई, अळणी लागतीय." त्या दिवशी 'चव योग्य' असं मी लिहिलं, ते त्या पोरीच्या जिभेवर विसंबून.

माझं तोंड आलं होतं. पण तोंड येणं आपल्याकडे आजारात धरतच नाहीत. उष्णता झाली, पोट साफ नाही, जागरण झालं. आलं तसं जाईल. सासूबाईंनी शेजारच्या अंगणातून जाईचा पाला आणला. तो चावून झाला, तुरटीच्या गुळण्या झाल्या, गुलकंद झाला, रात्री भिजवलेला सब्जा झाला. मेडिकलवाल्याने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, त्याही दोन महिने घेतल्या. जाईचा पाला चावला की घटकाभर बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगू? पण इतरांचं तोंड आठ दिवसांत जायचं, माझं मुक्कामालाच आलं होतं.

मग एका दवाखान्यात गेले. खुर्चीत बसल्याबरोबर पहिला प्रश्न: "तंबाखू? गुटखा? मिश्री?" मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे, एकदा बरोबर आलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हिरड्या मिश्रीने काळ्या झालेल्या. "घरात आहे ना सवय," एवढंच म्हणाले, दात साफ करून दिले आणि सोडून द्या म्हणाले. काय सोडू? डॉक्टरांचाही फार दोष नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण पुड्या मिळतातच. तोंड न उघडणारी पंचविशीतली पोरं त्यांच्यासमोर रोज बसतात. त्यांच्या मनात तोंडाच्या दुखण्याचं एकच कारण पक्कं झालेलं. पण त्या दिवसापासून मी दुखणं लपवायला लागले. स्टाफरूममध्ये डबा उघडायचा नाही, लग्नात पंगतीला बसायचं नाही, कुणी विचारलं तर उपवास. वर्षभरात माझे इतके उपवास झाले की जाऊबाई म्हणाल्या, "ताई, कुठला नवस बोललाय?"

जाळी पहिल्यांदा मी स्वतःच पाहिली. रात्री न्हाणीतल्या आरशासमोर उभी राहिले, एका हातात मोबाईलची बॅटरी, दुसऱ्या हातात चमचा. चमच्याच्या दांड्याने गाल बाहेर ओढला. दाढांच्या बाजूला आतल्या कातड्यावर पांढऱ्या बारीक रेघा होत्या, एकमेकींत गुंतलेल्या, ओल्या पिठाच्या बोटांनी कुणी रांगोळी काढावी तशा. मध्ये लालभडक सोललेली जागा. दुसरा गाल ओढला, तिथेही तेच. बोटाने पुसून पाहिलं, रेघा निघेनात. मनात जो शब्द आला तो उच्चारला नाही, बॅटरी बंद केली.

परळीच्या एका दंतवैद्यांनी माझे दोन्ही गाल उलटून पाहिले आणि मलाच आरसा दिला. "दोन्हीकडे सारखं आहे, ही खूण महत्त्वाची. तुकडा तपासून घ्या." माझं माहेर रेणापूरकडचं, त्यामुळे लातूर सोयीचं. 2023 च्या दिवाळीच्या सुट्टीत भावाकडे राहिले आणि तिथल्या दंत महाविद्यालयात गेले. तिथे पुन्हा तोच तंबाखूचा प्रश्न आला. पण 'नाही' म्हटल्यावर पुढचे प्रश्नही आले. बीपीची गोळी कोणती? दाढेत चांदी भरलीय का? मनगटावर खाजरे जांभळट पुरळ येतात का? नखं पाहिली. साखर, थायरॉईड, हिपॅटायटिस सी, सगळं रक्त तपासलं. काही औषधांनी आणि चांदीच्या भरावानेही अशाच रेघा उमटतात म्हणे. माझी बीपीची गोळी बदलून पाहिली, फरक पडला नाही.

तुकडा काढणं म्हणजे भुलीची सुई, डाळीच्या दाण्याएवढं मांस, दोन टाके. आठवडाभर घोर. रिपोर्ट आला: ओरल लायकेन प्लॅनस. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. वरच्या थराची खालची कड करवतीच्या दातांसारखी झालेली, तिच्याखाली पांढऱ्या पेशींचा पट्टा. जंतूंशी लढायच्या या पेशी गालाच्या अस्तराच्या तळच्या थरावरच चालून गेलेल्या. का, त्याचं पक्कं कारण वैद्यकाला सापडलेलं नाही. संसर्ग नाही, उष्टं खाल्ल्याने कुणाला होत नाही. शंभरातल्या एखाद-दुसऱ्या माणसाला असतो, चाळिशी-पन्नाशीच्या बायांना जास्त. पांढऱ्या रेघांना 'विकहॅमच्या रेषा' म्हणतात, 1895 साली त्या नावाच्या फ्रेंच डॉक्टराने त्यांचं वर्णन केलं म्हणून.

"लायकेन म्हणजे?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, "झाडावर, खडकावर चढतं ना, ते. आपलं दगडफूल." मला हसूच आलं. 1869 साली इरॅस्मस विल्सन नावाच्या इंग्रज डॉक्टराने कातडीवरचे चपटे पुरळ पाहून आजाराला हे नाव दिलं, त्याला काय ठाऊक की मराठवाड्यात दगडफूल काळ्या मसाल्यात भाजून घालतात! दर उन्हाळ्यात घरातला मसाला मीच करते. धणे, खोबरं, लवंग, आणि ते काळं-करडं, कागदासारखं चुरचुरणारं दगडफूल. ज्या मसाल्याच्या नुसत्या वासाने आता गाल आवळून येतो, त्यातलाच एक जिन्नस माझ्या रिपोर्टवर छापून आला होता.

हा आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो, हे मला तिथेच स्पष्ट सांगितलं. ट्रायॅमसिनोलोनचा मलम असतो. जेवण झाल्यावर आणि झोपताना गाल कापसाने कोरडा करायचा, बोटावर मुगाएवढा मलम घेऊन नुसता टेकवायचा. चोळला की तो रव्यासारखा होतो आणि निघून येतो. मग अर्धा तास पाणीसुद्धा नाही. मलम स्टेरॉईडचा, त्यामुळे तोंडात बुरशी धरते. मला दोनदा धरली, तेव्हा क्लोट्रिमॅझोलचे थेंब. टूथपेस्ट फेस न होणारी, सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली. ती सोनपेठात मिळत नाही, भाऊ लातूरहून पाठवतो.

जेवणाचं काय सांगू? भाकरीचा कडक पापुद्रा गालाला कापतो. ठेचा, टोमॅटो, लिंबू, वाफाळता चहा बंद. कोमट दुधात कुस्करलेली भाकरी, मुगाचं वरण, दहीभात, केळं यांच्यावर भागतं. सगळ्यात जड गेली ती येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण. माहेरी शेतात कोपीपुढे आंबिलाचा माठ, भज्जी, बाजरीचे उंडे. आंबिलाचा पहिला घोट घेतला आणि तोंडात निखारा धरल्यासारखं झालं. वहिनीने काही न बोलता माझ्यापुरती खीर वेगळी काढली होती. हे असं वेगळं काढलेलं अन्न खाताना मला अजून अवघडल्यासारखं होतं.

कधी दोन-दोन महिने काही नसतं, मग अचानक सोलतं. ताण पडला की हमखास. 2024 च्या एप्रिलमध्ये लोकसभेची ड्यूटी लागली. मतदान 26 तारखेला, ऊन मी म्हणत होतं, जेवणाच्या पुड्यात पुरी आणि लालभडक बटाटा. मी दिवस केळ्यांवर काढला आणि तरी दुसऱ्या दिवशी बोलता येईना. शिकवायचं काम बोलण्याचं. त्या आठवड्यात दुसरीचे पाढे मी फळ्यावर लिहूनच घेतले.

घरात कॅन्सरचा शब्द सासूबाईंनीच काढला. टाटा इन्स्टिट्यूटच्या मुंबईतल्या संशोधकांनी या आजाराच्या 722 भारतीय रुग्णांचा माग ठेवून 1986 साली निष्कर्ष छापले, त्यात कॅन्सर झालेले 0.4 टक्के होते. जगभरचा आकडा साधारण एक टक्क्याच्या आसपास सांगतात. म्हणजे घाबरून बसायचं नाही, पण तपासणीही चुकवायची नाही. मी दर सहा महिन्यांनी लातूरला जाते. सासूबाईंचं तोंडही एकदा दाखवून आणलं. मिश्री त्यांनी निम्म्यावर आणली आहे, सोडलेली नाही.

आता स्टाफरूममध्ये डबा उघडते, विचारलं तर नाव सांगते. सोलल्याच्या दिवसांत चव नोंदवहीवर मुख्याध्यापक सही करतात. दातांच्या डॉक्टरांना मात्र एक विनंती आहे. तंबाखूचं जरूर विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर बाईकडे संशयाने बघण्याऐवजी तिचे दोन्ही गाल उलटून बघा.