डायनासोरच्या पायाखालचे गवत

१/ नागपुरातील एका घरात, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून एक तरुण खेळण्यातल्या डायनासोरवर शस्त्रक्रिया करीत होता. लांब मानेचा, पोपटी रंगाचा, वीतभर उंचीचा तो प्राणी सातव्या वाढदिवसाला आजोबांनी जत्रेतून आणून दिला होता. पायाखाली प्लास्टिकची पाटी आणि पाटीवर साच्यातच उठवलेले गवत. पाटीच्या तळाशी आजोबांच्या वळणदार अक्षरात नातवाचे नाव आणि तारीख. या एका खेळण्याच्या निमित्ताने एका अनोख्या छंदाचा, आणि त्यामागे उभ्या असलेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाचा हा धागा.

२/ हा छंद जगभर पसरलेला आहे. बाजारात मिळणारी डायनासोरची बाहुली घ्यायची, तिच्या शरीररचनेतील चुका शोधायच्या, चुकीचा भाग कापायचा, दोन घटक मळून तयार होणाऱ्या इपॉक्सी लुकणाने नवा भाग घडवायचा आणि शेवटी नव्याने रंग द्यायचा. लागणारे साहित्य साधे: धारदार पाते, काचकागद, सुई, बारीक कुंचले, ॲक्रिलिक रंग. अवघड असते ते आधीचे काम. कोणता भाग चुकीचा आहे, हे ठरवण्यासाठी हाडांची रेखाटने आणि शोधनिबंध वाचावे लागतात.

३/ त्या तरुणाने ठरवले होते की या जत्रेतल्या प्राण्याचा ‘आयसिसॉरस’ करायचा. निवड सहज सुचलेली नव्हती. या डायनासोरची हाडे चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडली. सोहन लाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याचे वर्णन ‘टायटॅनोसॉरस’ या जुन्या नावाखाली केले, आणि २००३ मध्ये त्याला स्वतंत्र नाव मिळाले. त्यातील ‘आयसि’ म्हणजे आय. एस. आय., अर्थात कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. विदर्भाच्या मातीतला प्राणी विदर्भातल्या टेबलावर उभा राहावा, एवढीच त्याची इच्छा होती.

४/ चुका मोजायला बसल्यावर त्या संपेनात. शेपूट जमिनीवर लोळत होती. मान हवी त्यापेक्षा लांब होती आणि पुढचे पाय आखूड होते. शिवाय पुढच्या पायांना हत्तीसारखी पाच नखे होती. प्रत्यक्षात या लांब मानेच्या प्राण्यांच्या तळव्याची हाडे उभ्या खांबासारखी अर्धवर्तुळात रचलेली असत. बहुतेकांना केवळ अंगठ्याला नख असे आणि टायटॅनोसॉर कुळात तर तेही उरले नव्हते. म्हणजे आयसिसॉरससाठी पाचही नखे तासून टाकणे भाग होते.

५/ शेपटीसाठी छंदिष्टांची एक जुनी युक्ती आहे. मऊ पीव्हीसीची बाहुली कढत पाण्यात काही वेळ धरली की ती नरम पडते. मग हवा तसा बाक देऊन ती लगेच थंड पाण्यात बुडवली की नवा आकार टिकतो. प्लास्टिक अशी मनमानी सहन करते. हाड करीत नाही. तरीही इतिहासात एकदा हाडांवरही हा प्रयोग झाला आहे. तिथे पोहोचण्यापूर्वी मात्र लंडनला जावे लागेल.

६/ डायनासोरची पूर्णाकृती शिल्पे प्रथम उभी राहिली ती १८५४ मध्ये, लंडनच्या सिडनहॅम भागातील क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात. शिल्पकार होते बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स आणि त्यांच्यामागे शास्त्रीय अधिकार होता रिचर्ड ओवेन यांचा. ‘डायनासोर’ हे कुलनाम ओवेन यांनीच १८४२ मध्ये रूढ केले होते. ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री इग्वानोडॉनच्या साच्यात मेज मांडून विद्वानांना मेजवानी देण्यात आली. पुढे या शिल्पांच्या लहान प्रतिकृतीही विकल्या गेल्या. डायनासोर घरात आणून फळीवर ठेवण्याची हौस तेव्हापासूनची आहे.

७/ त्या इग्वानोडॉनच्या नाकावर एक शिंग होते. गेंड्याला असते तसे. गिडिअन मँटेल यांनी १८२५ मध्ये या प्राण्याला नाव दिले, तेव्हा हाताशी दात आणि थोडीफार हाडे एवढीच सामग्री होती, आणि पुढे मिळालेले एक टोकदार हाड नाकावर बसवले गेले. १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसार्टच्या कोळशाच्या खाणीत, ३२२ मीटर खोलीवर, इग्वानोडॉनचे तीसहून अधिक सांगाडे मिळाले. तेव्हा कळले की ते शिंग नव्हतेच. तो हाताचा अंगठा होता.

८/ बर्निसार्टचे सांगाडे उभे करण्याचे काम लुई डोलो यांच्याकडे आले. त्यांनी नाकावरची चूक सुधारली, पण प्राणी कांगारूसारखा शेपटीवर रेलून उभा केला. इग्वानोडॉनची शेपूट अस्थिभूत स्नायुबंधांनी ताठ जखडलेली असे, ती तशी वाकणे शक्यच नव्हते. डोलोंच्या रचनेत ती बळेच वाकवली गेली होती. डेव्हिड नॉर्मन यांनी १९८० मध्ये हे दाखवून दिले. कढत पाण्यातल्या प्लास्टिकला जे चालते, ते इथे हाडांकडून करवून घेतले गेले होते. एक चूक दुरुस्त करणाऱ्या हातानेच दुसरी चूक रचली.

९/ ती दुसरी चूक शंभर वर्षे टिकली. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातील टायरॅनोसॉरस दशकानुदशके शेपूट जमिनीला टेकवून ताठ उभा होता, आणि त्याच्याकडे पाहून साचे घडवणारे कारखानेही तेच करीत होते. जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ मध्ये चपळ डायनोनिकसचे वर्णन केले, तेव्हापासून चित्र पालटू लागले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कचा टायरॅनोसॉरसही पाठ आडवी, शेपूट हवेत अशा ढंगात पुन्हा रचला गेला. जत्रेतल्या खेळण्यांपर्यंत मात्र ही बातमी फार उशिरा पोहोचली.

१०/ खेळण्यांनी शास्त्राची बूज राखलीच नाही, असेही नाही. १९७४ पासून इंग्लंडच्या इन्व्हिक्टा प्लास्टिक्सने लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयासाठी एकरंगी बाहुल्या काढल्या. १९८८ मध्ये अमेरिकेत कार्नेगी संग्रहालयाच्या नावाची मालिका निघाली, तिच्यातील बऱ्याच बाहुल्या १:४० या प्रमाणात होत्या. पण बाहुली साच्यातून बाहेर पडते ती त्या वर्षाचे ज्ञान घेऊन. ज्ञान पुढे सरकते, साचा तिथेच राहतो. या अंतरातच छंदिष्टाचे पाते चालते.

११/ त्यानंतर १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’ आला आणि दुकाने व्हेलॉसिरॅप्टरने भरली. पडद्यावर तो माणसाएवढा होता. प्रत्यक्षात तो टर्की पक्ष्याएवढा. पडद्यावर त्याचे तळवे जमिनीकडे वळलेले होते. वास्तविक मनगटाची ठेवण अशी की टाळी वाजवायला उचललेल्या हातांसारखे ते समोरासमोर असत. पडद्यावर अंग खवल्यांचे होते. २००७ मध्ये त्याच्या हाताच्या हाडावर पिसे रोवल्याच्या खुणा आढळल्या. म्हणून छंदिष्ट सहसा मनगटापासून आरंभ करतात. मनगट कापायचे, फिरवायचे, जोडायचे आणि मग सुईने एकेक पीस ओढायचे.

१२/ रंग ही निव्वळ कल्पनेची बाब मानली जाई. २०१० मध्ये त्यातही पुरावा शिरला. पिसांच्या जीवाश्मांत रंगद्रव्याच्या सूक्ष्म पेशिका टिकून होत्या, आणि त्यांच्या आकारावरून चीनमधील सायनोसॉरोप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे असावेत असे अनुमान निघाले. काही मोजक्या प्राण्यांपुरते का होईना, कुंचल्याला आता उत्तरदायित्व आले. आयसिसॉरसच्या बाबतीत असा कोणताही आधार नाही. तरुणाने त्याला काळ्या कापसाच्या जमिनीचा रंग दिला, पोटाकडे फिकट केला, आणि हे आपण ठरवले आहे, मिळालेले नाही, याची मनाशी नोंद ठेवली.

१३/ पुरावा मात्र एकाच दिशेने चालत नाही. २०१२ मध्ये यूटायरॅनस हा मोठा पिसाळ डायनासोर जगासमोर आला आणि अनेकांनी आपल्या टायरॅनोसॉरसवरही पिसे चढवली. २०१७ मध्ये टायरॅनोसॉरसच्या त्वचेचे ठसे प्रसिद्ध झाले. ते खवल्यांचे होते. पुष्कळांनी पिसे खरवडून काढली. २०२३ मध्ये त्याचे दात ओठांआड झाकलेले असावेत असा निबंध आला, आणि जबड्यांवर पुन्हा लुकण चढू लागले. एकाच बाहुलीच्या अंगावर दहा वर्षांतले तीन मतप्रवाह थरांनी बसलेले सापडू शकतात.

१४/ नागपूरच्या टेबलावर आता पाटीची पाळी आली. शाळेत बक्षीस मिळालेल्या एका पुस्तकात तरुणाने वाचले होते की डायनासोरच्या काळी गवत नव्हतेच, गवत फार नंतरचे. त्याने पाते घेतले आणि पाटीवरचे गवत तासायला सुरुवात केली. आजोबा खुर्चीत बसून पाहत होते. “अरे, ते गवत का खरडतोस? छान दिसतंय की.” “आजोबा, तेव्हा गवत नव्हतं. शास्त्रात तसं आहे.” “मग हा एवढा मोठा प्राणी खायचा काय?” तरुण हसला आणि पाते चालवीत राहिला. तासाभरात पाटी गुळगुळीत झाली.

१५/ आठवडाभराने, आयसिसॉरसच्या डोक्याचा आधार शोधताना (ते डोके सापडलेलेच नाही) त्याच्या वाचनात पिसदुरा आले. तेही चंद्रपूर जिल्ह्यातच, वरोऱ्याच्या बाजूला. तिथल्या लॅमेटा थरांत डायनासोरची अश्मीभूत विष्ठा मिळते. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, वनस्पती कुजली तरी ते उरतात, आणि त्यांच्या आकारावरून वनस्पतीचे कूळ ओळखता येते. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जाहीर केले: पिसदुऱ्याच्या त्या विष्ठेत गवताचे कण आहेत. आणि ती विष्ठा बहुधा टायटॅनोसॉरचीच होती.

१६/ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे गवत. एकाच नव्हे, अनेक प्रकारचे. पुढे २०११ मध्ये तेथील कणांत भाताच्या कुळाशी जवळचे नाते सांगणारी गवतेही ओळखली गेली. जुरासिक काळातल्या प्राण्याच्या पायाखाली गवत आजही चूकच ठरेल. पण चंद्रपूरच्या टायटॅनोसॉरच्या पायाखाली ते अगदी योग्य होते. जत्रेतल्या खेळण्याच्या अनामिक कारागिराने अजाणतेपणी एक गोष्ट बरोबर केली होती, आणि शास्त्राच्या नावाने नेमकी तीच खरडली गेली. आजोबांचा प्रश्न भाबडा वाटला होता. प्रश्न तोच होता, आणि उत्तर शेणात होते.

१७/ क्रिस्टल पॅलेसची शिल्पे आजही उद्यानात आहेत. इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. २००७ मध्ये त्यांना वारशाच्या संरक्षणाचा सर्वोच्च दर्जा मिळाला. भेगा बुजवल्या जातात, रंग दिला जातो, निखळलेला भाग पूर्वीसारखाच बसवला जातो, पण शिंग अंगठ्यावर हलवले जात नाही. ब्रुसेल्सच्या संग्रहालयातही डोलोंचे सांगाडे कांगारूच्या पवित्र्यातच उभे आहेत. कारण ती आता केवळ इग्वानोडॉनची रूपे नाहीत. एकोणिसाव्या शतकाला इग्वानोडॉन कसा दिसला, याचे ते दस्तऐवज आहेत. दस्तऐवजात दुरुस्ती करायची नसते, शेजारी टीप लिहायची असते.

१८/ मग खेळण्याला हात लावूच नये काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. एकमेव शिल्प आणि हजारोंनी निघालेली बाहुली यांत फरक आहे. बदलण्यात गैर काही नाही. काय होते, काय बदलले आणि कशाच्या आधारे, हे पुसले गेले तर मात्र पुढच्याला तपासता येत नाही. नाकावरचे शिंग चुकीचे आहे हे कळले, कारण बर्निसार्टची हाडेही जपली गेली आणि आधीचा तर्कही लिहिलेला होता. दोहोंपैकी एक जरी हरवले असते, तरी चूक चूक म्हणून ओळखता आली नसती.

१९/ तरुणाने लुकण मळले आणि सुईने पाटीवर पुन्हा गवत उठवले. विरळ, झुबक्याझुबक्यांनी. आजोबांना नवा प्राणी दाखवला तेव्हा ते बराच वेळ पाटीकडेच पाहत होते. “लावलंस होय परत?” एवढेच म्हणाले. पाटीच्या तळाला त्याने रंग लागू दिला नव्हता. आजोबांच्या शाईखाली त्याने पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिले: शेपूट उचलली, मान आखूड केली, पुढचे पाय लांबवले, नखे काढली, डोके अंदाजाने, रंग अंदाजाने, गवत खरडले, गवत परत लावले, पिसदुरा २००५. त्याखाली दोन बोटे जागा त्याने मुद्दाम मोकळी ठेवली.