वैनगंगेकाठचे वाढई

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी ही गावे मागे टाकली, की धानाच्या बांध्या दिसू लागतात आणि पुढे वैनगंगेचे विस्तीर्ण पात्र लागते. पुलापलीकडे आरमोरी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे हे एक प्रवेशद्वारच. व्यापारी कुटुंबांना आरमोरी परिचित असते ती कोशाच्या रेशमासाठी आणि तांदळासाठी. परंतु या गावाकडे लाकडाच्या दृष्टीनेही एकदा पाहावे.

या झाडीपट्टीत सुताराला ‘वाढई’ म्हणतात. नांगर, वखर, बैलगाडी, घराची चौकट, पाळणा हे सारे त्याच्याच हातचे. पूर्वी सुगीला धान मोजून त्याची मजुरी चुकती होई. कोणते लाकूड कशाला हे ज्ञान त्याने पुस्तकातून घेतले नव्हते. चाकाला तिवस, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा, दाराला सागवान. उभे झाड पाहून त्याचा कोणता भाग कोठे लागेल, हे तो सांगू शके. लोखंडी आऊते आणि ट्रॅक्टर आले, तयार दारे आली, आणि ते काम आटत गेले. वाकस, पटाशी, रंधा ही हत्यारे घराच्या कोपऱ्यात गेली.

लाकूड मात्र आटलेले नाही. दक्षिणेस आलापल्लीचे सागवान प्रसिद्ध आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या आगारात दूरदूरचे व्यापारी लिलावासाठी येतात. मार्च २०२३ मध्ये याच बल्लारपुराहून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान समारंभपूर्वक रवाना झाले. ती दारे हैदराबादच्या एका पेढीने तयार केली आणि त्यांवरील काम तमिळनाडूच्या कारागिरांनी केले. त्यात कोणाला उणे लेखण्याचे कारण नाही. पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर हिशेब स्पष्ट आहे. घनफुटावर विकलेल्या लाकडाचे मोल येथे राहिले. त्यावर हाताने चढलेले मोल दुसरीकडे गेले.

हाताचे हे मोल जपण्याचा विचार कोणी गांभीर्याने केला असेल, तर तो जपानने. नारा शहराजवळील होर्यूजी मंदिराच्या इमारती जगातील सर्वांत जुन्या उभ्या लाकडी वास्तूंत गणल्या जातात. त्यांना तेराशे वर्षे होऊन गेली. खांब आणि तुळया एकमेकांत कूस आणि खाच अशा सांध्यांनी बसवलेल्या आहेत. इसे येथील देवस्थान तर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ मध्ये ते बासष्टाव्या वेळी झाले. वीस वर्षांचे हे अंतर कारागिराच्या आयुष्याशी जुळते. एकदा शिकाऊ म्हणून, दुसऱ्यांदा जाणता म्हणून, तिसऱ्यांदा गुरू म्हणून त्याला तेच काम करता येते. २०२० मध्ये युनेस्कोने जपानच्या लाकडी वास्तू जपण्याच्या या पारंपरिक कौशल्यांची अमूर्त वारशात नोंद केली.

तेथे शिकणाऱ्याच्या हाती पहिल्याच दिवशी मौल्यवान लाकूड देत नाहीत. आधी झाडलोट, मग दगडावर पाणी घालून पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला धार लावणे. हे महिनोन्‌महिने चालते. पाते दगडावर सपाट टेकले की नाही, हे बोटांना कळेपर्यंत पुढचा धडा नाही. आपल्या पेढ्यांवरही मुलगा प्रथम गादी झटकत असे, माल मोजत असे. रोजमेळ फार उशिरा हाती येई. शिक्षणाची रीत तीच.

साम्य एवढ्यावर थांबत नाही. जपानी करवत ढकलताना नव्हे, तर स्वतःकडे ओढताना कापते. त्यामुळे पाते पातळ ठेवता येते आणि काप बारीक येतो. भारतातील जुन्या करवतीही ओढूनच चालत. जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून काम करण्याची पद्धत दोन्हीकडे आहे. आरमोरीच्या वाढयाला हे परके वाटणार नाही. लाकडी कामाची थोरवी आपल्या समाजालाही नवी नाही. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिरातील सोळाव्या शतकाच्या अखेरचा कोरीव लाकडी घुमट आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. लोक तो दुरून पाहायला जातात. त्याच्यासारखा नवा घडवणारे हात किती उरले, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून या भागात व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांना एक विनंती. घरात दार, देव्हारा किंवा पाळणा करावयाचा असेल, तर तयार वस्तूची किंमत विचारण्यापूर्वी जवळच्या वृद्ध वाढयाकडे जावे. खिळ्यांऐवजी सांध्यांचे काम सांगावे, घाई करू नये आणि त्याच्यासोबत एखादा तरुण शिकाऊ बसणार असेल, तर त्याचीही मजुरी हिशेबात धरावी. खर्च थोडा वाढेल. पण काम मागणारे गिऱ्हाईक असल्याशिवाय कोणतीही विद्या टिकत नाही, हे व्यापाऱ्याइतके दुसरे कोण जाणतो?