ताण निम्मा, तरी तडा

धातू जितका ताण सोसतो त्यापेक्षा कमी ताण आला, की भाग सुरक्षित. कॉलेजातून बाहेर पडताना एवढा हिशेब मनात पक्का होता. पुण्याजवळच्या एका वाहन कारखान्यात सिम्युलेशनच्या कामावर रुजू झाले आणि पहिल्याच ब्रॅकेटने तो कोलमडवला. संगणकावर बॅटरीचा हा ब्रॅकेट हिरवागार दिसत होता, ताण मर्यादेच्या निम्माही नव्हता. चाचणीच्या गाडीत मात्र त्याला वेल्डजवळ तडा गेला होता.

"तू त्याला एकदाच वाकवून बघतेयस. गाडी लाखो वेळा वाकवते," कारखान्यातले सर म्हणाले.

१८४२ साली व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक माणसे गेली. तेव्हाही कोडे हेच होते. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी आसांवर पुन्हापुन्हा ताण देऊन धातूचा थकवा मोजला. ते वाचून धीर आला, पण गोंधळ संपला नाही.

कारण मग कंपन आले. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांवर नुसते चालू असले, तरी सेकंदाला २५ ठोके देते. ब्रॅकेटची स्वतःची वारंवारता निघाली २६ हर्ट्‌झ. दोन्ही नेमक्या जुळल्या तर थरथर किती वाढेल, हे अवमंदनावर, म्हणजे कंपन विरण्याच्या प्रमाणावर, ठरते. ते दोन टक्के धरले तर सुमारे पंचवीसपट, एक टक्का धरले तर पन्नासपट. म्हणजे ताण दुप्पट. आणि वेल्डवरचा ताण दुप्पट झाला, की आयुष्य साधारण आठव्या हिश्श्यावर येते! एका टक्क्याने सगळे उत्तर पालटताना पाहून मी सुन्न झाले.

रस्त्याच्या धक्क्यांचा हिशेब आणखी वेगळा. स्ट्रेन गेजने टिपलेला वेडावाकडा आलेख रेनफ्लो पद्धतीने मोजतात. उतरत्या छपरांवरून पाणी ओघळावे तसे चढउतार जुळवून एकेक आवर्तन वेगळे काढायचे आणि प्रत्येकाने केलेली हानी बेरजेत धरायची. बेरीज एकवर पोचली, की भागाचे आयुष्य संपले. मोठा खड्डा आधी आला की नंतर, याची ही बेरीज दखल घेत नाही, पण धातूला फरक पडतो. मग या बेरजेवर विसंबायचे कितपत, हे मला अजून उलगडत नाही.

ब्रॅकेटची कड दुमडून त्याची वारंवारता आता वर नेली आहे. पण अवमंदन हातोडीचा ठोका देऊन प्रत्यक्ष भागावरच मोजायचे आणि धक्क्यांची नोंद गाडी जिथे धावणार त्याच रस्त्यांवरून आणायची, असा माझा आग्रह आहे. त्या गाडीत कुणाचे तरी कुटुंब बसणार आहे, म्हणून नवखी असूनही तो मी प्रत्येक बैठकीत मांडते.