लाळेचा कैवार

मराठी भाषेने लाळेवर मोठा अन्याय केला आहे. वरिष्ठांची खुशामत करणाऱ्याला आपण लाळघोट्या म्हणतो, त्यांची थुंकी झेलणारा म्हणतो. लोभी माणसाच्या तोंडाला लाळ सुटते. आणि अन्नाला तिचा नुसता स्पर्श झाला की ते उष्टे ठरते. दिल्लीच्या सरकारी कचेरीत दहा वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला यांपैकी पहिल्या दोन शब्दप्रयोगांचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. परंतु जिच्या नावावर आपण एवढा तिरस्कार साठवला, ती आटली म्हणजे काय होते, हे माझे वडील उपचारांसाठी माझ्याकडे राहावयास आले तेव्हा मला कळले.

नानांना घशाच्या विकारासाठी किरणोपचार घ्यावे लागले. त्या किरणांनी रोगाबरोबर लाळेच्या ग्रंथीही सुकवल्या. तोंड कोरडे पडले आणि थोड्याच दिवसांत जिभेवर दह्याच्या सायीसारखा पांढरा थर धरला. ही कॅन्डिडा नावाची बुरशी. साधा वरणभातही झोंबू लागला. जन्मभर पंक्तीत आग्रहाला दाद देणारा हा माणूस चार घासांवर पानावरून उठू लागला. औषध चालू असेतो थर जाई. ते संपले की पुन्हा दिसे. डॉक्टर म्हणाले, “ही बुरशी पुष्कळांच्या तोंडात निमूटपणे असते. लाळ तिला आवरून धरते.”

या एका वाक्याने मला वाचावयास लावले. लाळेत हिस्टॅटिन नावाचे छोट्या प्रथिनांचे एक कुळ आहे. त्यातील हिस्टॅटिन-५ ही अवघ्या २४ अमिनो आम्लांची साखळी. ती बुरशीच्या पेशीत शिरते, तिच्यातील ऊर्जेचा साठा बाहेर सांडावयास लावते आणि तिला मारते. बुरशीही स्वस्थ बसत नाही. ती आपली विकरे बाहेर सोडते आणि ती कात्रीप्रमाणे या साखळीचे तुकडे करतात.

पहारेकरी शूर, पण कात्रीपुढे हतबल. त्याला बदलावे कसे? या साखळीत लायसीनचे चार दुवे आहेत आणि कात्रीची नजर मुख्यतः त्यांच्यावर. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात हे दुवे बदलून पाहिले. प्रत्येक बदल उपकारक ठरला असे नाही. परंतु १७व्या जागेवरील लायसीन काढून तेथे त्याचा चुलतभाऊ शोभेल असे आर्जिनीन बसवले, तेव्हा साखळी पूर्वीइतकी सहज कापली जाईना. ११व्या जागीही तोच बदल केला, तेव्हा तिची बुरशी मारण्याची शक्तीही वाढली. मसुद्यात ‘करू शकेल’ याऐवजी ‘करील’ एवढे लिहिले की कायद्यातील पळवाट बुजते, हे मी रोज पाहतो. पण एका अक्षराचे मोल मला इतके कधी वाटले नव्हते.

ही खटपट नव्या विषाच्या शोधापेक्षा मला शहाणपणाची वाटते. बुरशीच्या पेशीची घडण जीवाणूपेक्षा आपल्या पेशीला अधिक जवळची. त्यामुळे तिला मारणारे औषध रोग्यालाही इजा करण्याचा धोका मोठा. म्हणूनच बुरशीवरील औषधांची घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी आहेत, आणि काही बुरश्या त्यांनाही जुमानीनाशा झाल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली १९ घातक बुरश्यांची यादी केली. तिच्या सर्वांत वरच्या वर्गात नानांच्या जिभेवरची कॅन्डिडा अल्बिकन्सही आहे. अशा वेळी शरीराने स्वतःच नेमलेल्या पहारेकऱ्याची ढाल बळकट करणे हा मार्ग सरळ दिसतो.

नानांना मी हे सारे समजावून सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे औषध तोंडातच होते की रे!” मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “मला मिळेल का ते?”

प्रयोगशाळेतील यशापासून दवाखान्यातील बाटलीपर्यंत किती मंजुऱ्या लागतात, हे कारकुनाला कोणी सांगावयास नको. मी म्हणालो, “नाना, अजून वेळ आहे.” त्यांनी मान हलवली आणि ताकाचा एक घोट घेऊन पुढचा घास उचलला. त्या दिवसापासून लाळघोट्या हा शब्द माझ्या तोंडी येत नाही. खुशामतखोर म्हटले तरी काम भागते.