रानांत पाहुणे म्हणून

नाताळची किंवा उन्हाळ्याची सुटी जवळ आली कीं, मुलांच्या शिबिरांच्या जाहिराती घरोघर येऊं लागतात. दोरावरून दरी ओलांडावी, कड्यावरून उतरावें, रात्रीं तंबूपुढें शेकोटी पेटवून गाणीं म्हणावीं, असा एकंदर कार्यक्रम असतो. त्यांत वाईट कांहीं नाहीं. मुलांचें अंग चपळ होतें, भीति चेपते. परंतु तीन दिवस रानांत राहून आलेल्या मुलास, "तेथें झाडें कोणतीं पाहिलींस?" असें विचारावें, तर तें आपल्या तोंडाकडे पाहात राहतें. रान म्हणजे त्याच्या लेखीं खेळाचें मैदान. फार तर शेकोटीमागचा पडदा.

वास्तविक बेडन-पॉवेल यांनीं १९०७ च्या ऑगस्टमध्यें ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचें पहिलें बालवीर-शिबिर भरविलें, तेव्हां पाऊलखुणा ओळखणें व बारकाईनें पाहणें यांस दोरीच्या गांठींइतकेंच महत्त्व होतें. आणि त्यांच्याकडे तरी कशाला पाहावयाचें? आमच्याकडे कार्तिकांत आवळीभोजनाची चाल होतीच. आवळीखालीं पंगत बसे. पळसाच्या पत्रावळी, द्रोण. जेवणें आटोपल्यावर जें मागें राही तें गाईगुरांच्या पोटांत किंवा मातींत जाई. आज त्याच सावलींत चकचकीत मुलाम्याच्या ताटल्या आणि पाण्याच्या बाटल्या पडलेल्या दिसतात. चाल तीच राहिली, वस्तु बदलल्या. आणि वस्तु बदलल्या म्हणजे मागें सोडून येण्याची मुभाहि संपली, हें मात्र मुलांस घरांत कोणीं सांगितलें नाहीं.

आमच्या कोल्हापुराजवळचेंच उदाहरण घेऊं. १६६० च्या आषाढांत शिवाजीमहाराज पन्हाळ्याच्या वेढ्यांतून निसटून विशाळगडाकडे गेले व बाजीप्रभूंनीं घोडखिंड अडविली. त्या वाटेनें आतां दर पावसाळ्यांत मुलामाणसांचे जथे निघतात. त्यांच्या भक्तीविषयीं मला शंका नाहीं. परंतु वाटेंत मसाईचें पठार लागतें. जांभ्या कातळावर बोटभर मातीचा थर, आणि पावसाळा सरतां सरतां त्यावर गेंद, दवबिंदू, सीतेचीं आसवें यांचा गालिचा! सीतेच्या आसवांचें नांव जितकें करुण तितकी ती वनस्पति भोळी नाहीं. तिला जमिनीखालीं सूक्ष्म पिशव्या असतात व त्यांत ती ओलींतले बारीक जीव पकडते. कारण कातळावरच्या त्या मातींत नत्राचा अंश फार थोडा. इतक्या युक्तीनें जगणारें रोप एका बुटाखालीं संपतें. पायवाटेवर चिखल आहे म्हणून प्रत्येकानें हातभर बाजूनें चालावयाचें ठरविलें, तर चार पावसाळ्यांत वाटेची सडक होते. म्हणून मी मुलांस सांगतों, चिखल तुडवा, पण एकामागें एक चाला. बूट धुतां येतात.

गेल्या नाताळच्या सुटींत आमच्या घरांतील सात मुलांस घेऊन मी दाजीपूरकडे गेलों. त्यांत दोन मुली. बेत कानीं पडतांच सौ.नीं हरकत घेतली, "अहो, पोरींना रानांत कशाला निजवतां? आणि साप-किरडूं असलें म्हणजे?" पहिल्या प्रश्नास मीं उत्तर दिलें नाहीं, तें त्या दोघींनींच दिलें. दुसरा प्रश्न मात्र रास्त होता. नाग, मण्यार, घोणस, फुरसें हे चारहि आपल्या प्रदेशांत आहेत. त्यांपैकीं मण्यार रात्रीं हिंडते, जमिनीवर निजलेल्यास चावते आणि तिचा दंश पुष्कळदां दुखतहि नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं आठ दिवस रोज संध्याकाळीं परवचा झाल्यावर आमचा पाठ चाले. अंधारांत हातीं विजेरी घेतल्याखेरीज पाऊल टाकूं नये. दगडाखालीं हात घालूं नये. अंथरुण व बूट झटकून घ्यावे. दंश झालाच तर चिरणें, चोखणें, करकचून बांधणें व मांत्रिक हीं चारी वर्ज्य. अवयव न हालवितां तडक सरकारी रुग्णालय गांठावें. या चारी जातींवर चालणारें प्रतिविष उपलब्ध आहे. रुग्णालय कोठें, वाहन कोणाचें, हें आम्हीं आधींच वहींत टिपून ठेविलें. सौ. तो पाठ माजघरांतून ऐकत असत.

शौचाचा विषय निघतांच मुलें हसूं लागलीं. मीं मनुस्मृतीचा चवथा अध्याय काढला. त्या ग्रंथांतील पुष्कळ वचनें आज आम्हांस मान्य होण्याजोगीं नाहींत, आणि कोल्हापुरांत तर नाहींतच नाहींत. परंतु वाटेवर, पाण्यांत, नांगरलेल्या शेतांत, वारुळावर मलविसर्जन करूं नये, हा तेथील निषेध आजचा कोणताहि गिर्यारोहक मान्य करील. त्यांत एवढीच भर घालावयाची कीं, पाण्यापासून सत्तर पावलें दूर जावें, वीतभर खोल खड्डा खणावा व मातीनें बुजवावा. ओढ्यांत साबणहि लावूं नये.

दाजीपूरचें रान संस्थानी काळीं महाराजांच्या शिकारीसाठीं राखलेलें होतें. १९५८ मध्यें तें गव्यांसाठीं अभयारण्य झालें, पुढें विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरांचें झालें आणि २०१२ मध्यें पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशांत गणलें गेलें. आंत मुक्काम न करतां आम्हीं सीमेबाहेरच्या एका वाडींत, ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडवींत पथारी पसरली. शेकोटी पेटविली नाहीं. वाळल्या गवताच्या दिवसांत एक ठिणगी डोंगर जाळते. मुलें थोडीं हिरमुसलीं.

दिवस मावळतांना रानाच्या कडेला बसलों. अट अशी कीं, अर्धा तास कोणीं बोलावयाचें नाहीं. पहिलीं दहा मिनिटें चुळबूळ झाली. मग कान उघडले. पाचोळ्यांत कोणी खसखसलें, दूर एक पक्षी ठराविक अंतरानें बोलूं लागला. तेवढ्यांत कापलेल्या भाताच्या खाचराच्या टोकाशीं पांच गवे उभे! गुडघ्यांपर्यंत पांढरे पाय जणूं मोजे घातलेले. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहात होता. एकानें मान वर केली, शीळ घातल्यासारखा फूत्कार सोडला, आणि क्षणांत खाचर मोकळें झालें. "आपल्याच वासानें गेले का, आजोबा?" धाकट्या नातीनें पुटपुटत विचारलें.

रात्रीं भाकरी खातांना मुलें त्या गव्यांच्या गोष्टी रंगवून सांगूं लागलीं. यजमान शांतपणें ऐकत होते. मग म्हणाले, "तुमास्नी गवा बघायचा असतोय, गुरुजी. आमाला हाकलायचा असतोय. औंदा निम्मा ऊस त्येनंच खाल्ला." सरकारकडून नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामे, हेलपाटे आणि थंडींत माळ्यावर काढलेल्या रात्री यांची भरपाई कशानें होते? मुलें गप्प झालीं. मोठ्या नातवानें अंथरुणांत पडल्यावर मला विचारलें, "मग गवा राहायला हवा कीं नको?" मीं त्याला सांगितलें, उद्यां हेंच त्यांना विचार. सकाळीं तो खरोखरच विचारावयास गेला. यजमान हंसले व म्हणाले, "राहूं दे की. रान त्येचंच हाय. पर आमचं शेत बी आमचं हाय न्हवं?" नातवानें तें वाक्य वहींत जसेंच्या तसें लिहून घेतलें आहे.

निघण्यापूर्वीं मुलांनीं पडवी झाडली, खळें झाडलें. आमचा सारा केर एका पिशवींत भरून कोल्हापुरास आणला.

आतां आषाढांत पन्हाळ्याहून पावनखिंडीस जावयाचा हट्ट चालला आहे. मीं एक अट घातली आहे कीं, प्रत्येकानें एक रिकामें पोतें बरोबर घ्यावें आणि वाटेंत दुसऱ्यांनीं टाकलेलें उचलावें. मधल्या चिरंजीवांची संमति अजून मिळावयाची आहे; पावसांत ओढे अचानक फुगतात, ही त्यांची काळजी खोटी नाहीं, आणि वाट जाणणारा गांवकरी सोबत मिळाल्याखेरीज मीहि निघणार नाहीं. सौ.नीं मात्र शिदोरीसाठीं जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवावयास घेतल्या आहेत. काल मोजल्या, तर आठ झाल्या होत्या.