दुसऱ्या गिअरचा हिशेब

जुनी प्रीमिअर पद्मिनी, 118 एनई किंवा काँटेसा ‘जरा पळती’ करून घ्यायला जो कोणी येतो, तो आधी इंजिनाबद्दल बोलतो. मोठा कार्ब्युरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, घासलेलं हेड, मोकळा एक्झॉस्ट. मी त्याला आधी विचारतो, राहता कुठे आणि रोज जाता कुठे? एक जण रोज डोंबिवलीहून ठाण्याला जातो, दुसरा फक्त रविवारी गाडी काढून मुरबाडमार्गे माळशेज गाठतो. दोघांची इंजिनं अगदी सारखी असली, तरी त्यांच्या मागच्या एक्सलमध्ये मी एकच क्राऊन-पिनियन बसवणार नाही. ताकद इंजिनात तयार होते, पण ती कोणत्या वेगाला हाताशी येणार हे त्या दोन दातेरी चाकांवर ठरतं. आणि हाच निर्णय बहुतेक ठिकाणी सगळ्यात शेवटी, मिळेल ती जोडी बसवून उरकला जातो.

ज्यांनी एक्सल उघडलेला पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाकडून येणाऱ्या लांब शाफ्टच्या टोकाला छोटं पिनियन असतं, ते मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवतं. पिनियनला 10 दाते आणि क्राऊनला 43 असतील, तर शाफ्टचे 4.3 फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो; हाच एक्सलचा रेशो. आकडा मोठा असेल तर खेच जास्त, पण त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त. आकडा लहान असेल तर इंजिन निवांत चालतं आणि गाडी जागेवरून उठायला जड होते. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हळूहळू पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींचा जमाना सुरू झाला. त्यांच्यात ही दाते-जोडी गिअरबॉक्सच्याच पोटात गेली. म्हणून मागच्या एक्सलशी खेळण्याची संधी आता जुन्या मोटारी आणि जीपवर्गातल्या गाड्या यांच्यापुरतीच उरली आहे.

आमच्या परिसराला या गाड्या परक्या नाहीत. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी कुर्ल्यात तयार व्हायची. कंपनीचा दुसरा कारखाना आमच्याच कल्याण-शीळ रस्त्यावर होता; 1990 च्या दशकात प्यूजो 309 तिथेच जोडली गेली. कोळेगावजवळच्या मोकळ्या जागेला लोक अजून प्रीमिअर मैदानच म्हणतात. 118 एनई 1985 मध्ये आली तेव्हा तिचं शरीर फिआट 124 च्या घराण्यातलं आणि इंजिन निस्सानचं, 1171 सीसीचं होतं. मागच्या चाकांवर चालणारी, वजनाने हलकी आणि दारात सरळ उभी राहणारी ही गाडी मला आजही या कामासाठी सर्वांत योग्य वाटते.

रेशो कसा निवडावा याचा सगळ्यात चांगला धडा तिच्या रशियन बहिणींकडून मिळतो. फिआट 124 वरूनच तोल्याट्टीच्या कारखान्याने 1970 पासून लाडा काढल्या. 1200 सीसीच्या पहिल्या मॉडेलला त्यांनी 4.3 चा एक्सल दिला. त्याच गाडीच्या सामान वाहणाऱ्या इस्टेट आवृत्तीला 4.44. पुढे 1500 सीसीचं इंजिन आलं तेव्हा 4.1, आणि 1600 सीसीला 3.9. इंजिनात बळ वाढलं तसा आकडा उतरला, अंगावर ओझं आलं तिथे चढला. गावगप्पांमध्ये ऐकू येणारा ‘फास्ट गाडीला मोठा रेशो’ हा नियम इथे साफ खोटा ठरतो.

या आकड्यांमध्ये आणखी एक शहाणपण आहे, ते मला फार आवडतं. 10 आणि 43, 10 आणि 41, 11 आणि 43, 9 आणि 40. एकाही जोडीत समान विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला भेटतो. 10-43 मध्ये तीच जोडी पुन्हा समोरासमोर यायला पिनियनचे 43 फेरे लागतात. सरळ 4.0 साठी 10 आणि 40 दाते ठेवले असते, तर पिनियनचा प्रत्येक दाता आयुष्यभर क्राऊनच्या त्याच चार दात्यांवर घासत राहिला असता आणि एका दात्यातला दोष तिथेच खोल होत गेला असता. नीटनेटका पूर्णांक टाळण्यामागे इतका विचार आहे.

आता आपल्या रस्त्यांचा हिशेब. 175/70 आर 13 टायरचा एक फेरा भाराखाली साधारण 1.75 मीटर धरू. जुन्या लाडाच्या गिअरबॉक्समधले आकडे घेऊ: पहिला 3.75, दुसरा 2.30, चौथा थेट 1. इंजिन मिनिटाला 5500 फेऱ्यांपर्यंत जातं असं माना. 4.3 च्या एक्सलवर पहिला गिअर 36 किलोमीटर वेगापर्यंत संपतो, दुसरा 58 पर्यंत. 3.9 वर दुसरा 64 पर्यंत जातो. घोडबंदर रोडवर माजिवडा ते गायमुख कधीही चालवून बघा. सिग्नल सुटतो, जागा मिळते, गाडी वीसवरून पन्नास-पंचावन्नवर जाते, पुन्हा ब्रेक. पत्री पूल असो की काटई नाका, तीच तऱ्हा. इथे पळणारी गाडी म्हणजे वीस ते साठमध्ये पळणारी गाडी. शून्य ते शंभरचे सेकंद मोजण्याइतका रस्ता आपल्याला दिवसा मिळतच नाही. म्हणजे आपल्या शहरांचा खरा गिअर दुसरा आहे, आणि एक्सल दुसऱ्या गिअरसाठी निवडावा असं माझं ठाम मत आहे.

मुंब्रा बायपासवर कंटेनरच्या मागे चढ चढताना हेच दुसऱ्या टोकाने कळतं. पहिल्या गिअरमध्ये 1000 आरपीएमला 4.3 ची गाडी ताशी साडेसहा किलोमीटरने सरकते, 3.9 ची सव्वासातने. फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण कॅमशाफ्ट बदललेल्या इंजिनाला खाली दम नसतो, ते हजारावर धक्के खाऊ लागतं. मग चालक अर्ध्या क्लचवर गाडी खेळवत राहतो आणि क्लच प्लेट जळते. ज्याला इंजिन वरच्या फेऱ्यांसाठी बांधायचं आहे त्याने मोठा आकडा घ्यावाच. इंजिन मूळचंच ठेवणाऱ्याने मात्र एक्सलला हात लावण्याची घाई करू नये.

शोभेसाठी चाकं मोठी करणाऱ्यांना मी टायरच्या बाजूवरचे आकडे वाचायला लावतो. 175/70 आर 13 चा व्यास सुमारे 575 मिलिमीटर, 185/70 आर 14 चा सुमारे 615. एवढ्याने 4.3 चा एक्सल 4.02 सारखा वागू लागतो. दिसायला रुबाबदार, आणि उठायला मंद. अशी गाडी आली की आधी टायर बदलून चालवून बघा असं मी सुचवतो. बऱ्याच वेळा एक्सल उघडायची गरजच उरत नाही.

अलीकडे उलटी मागणी वाढली आहे. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि तो थेट आपल्या ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत आला. मोटारींना तिथे 120 ची मुभा आहे. 4.3 वर थेट टॉप गिअरमध्ये 120 म्हणजे 4900 आरपीएम, तासन्‌तास. 3.9 वर 4450. दोन्ही जुन्या इंजिनाला जाचकच. खरा उपाय एक्सलमध्ये नाही, गिअरबॉक्समध्ये आहे: 0.82 च्या आसपासचा पाचवा गिअर असेल, तर 4.3 ठेवूनही फेरे 4000 वर येतात आणि शहरातला दुसरा गिअर जागच्या जागी राहतो. पाच गिअरचा बॉक्स नसेल, तर अशा गाडीने समृद्धीवर नव्वदने डावीकडून जावं. मी हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, त्याला रुचो न रुचो.

रेशो बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो हेही लक्षात असू द्या. त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असते, एक्सलमध्ये काय बदललं हे तिला कळत नाही. 4.3 काढून 3.9 घातलं की काटा 73 वर असताना गाडी सुमारे 80 ने धावत असते. केबलचं छोटं गिअर बदलून घ्या, नाहीतर जीपीएसवर तपासून मीटरची दुरुस्ती करा. हे केल्याशिवाय मी गाडी ताब्यात देत नाही.

जोडी नेहमी जोडीनेच बदलायची. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एक इथून, एक तिथून उचललेले दाते कधीच एकजीव होत नाहीत. पिनियनची खोली शिमने ठरते. दात्यांमधला मोकळेपणा, ज्याला आम्ही बॅकलॅश म्हणतो, तो लाडाच्या एक्सलला 0.08 ते 0.13 मिलिमीटर. डायल गेजशिवाय हे मोजता येत नाही, हाताच्या अंदाजाला इथे जागा नाही. मग दात्यांना रंग लावून फिरवायचं आणि ठसा दात्याच्या मध्यावर पडतो का ते पाहायचं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी घुमली तर दोष एका बाजूला, पाय काढल्यावर घुमली तर दुसऱ्या बाजूला.

नवी जोडी बसल्यावर पहिले काही दिवस गाडी गावातल्या गावातच चालवावी. वीस-पंचवीस मिनिटं चालवून एक्सल थंड होऊ द्यावा, मग पुन्हा काढावी. सुरुवातीच्या उष्णतेत दात्यांचा पृष्ठभाग बसतो आणि तेव्हाच जास्त भार पडला तर तो जळतो. तेल 90 नंबरचं, जीएल-5 दर्जाचंच हवं, कारण हायपॉइड दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही. साधारण 800 किलोमीटरनंतर ते तेल काढून टाकावं आणि उजेडात धरून पाहावं. बारीक चकाकी असली तर चिंता नाही. नखाला लागेल एवढा कण सापडला, तर एक्सल पुन्हा उघडायचा आणि ठसा पहिल्यापासून घ्यायचा.